मताचा हक्क मागणाऱ्या बायकांची नावे छापा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्त्रियांच्या मताधिकाराच्या इतिहासावर लेख आला. इंग्लंडच्या पँकहर्स्ट मायलेकी, अमेरिकेच्या सुसान अँथनी, मोर्चे, तुरुंगातली उपोषणे, सगळे नीट मांडले होते. शेवटी भारताविषयी चार ओळी. आपल्याकडे बायकांना मतासाठी काही करावे लागले नाही, संविधानाने तो हक्क आपोआप दिला, असा त्या ओळींचा अर्थ. तो वाचल्यापासून हे पत्र डोक्यात घोळत होते.

मी निपाणीची. मराठी शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. "आपल्याला आयतं मिळालं" हे वाक्य मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये ऐकले, हळदीकुंकवाला बोलावलेल्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकले, निवडणूक ड्युटीच्या प्रशिक्षणात साहेबांकडूनही ऐकले. म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण या एका वाक्याने तीस वर्षे मागणी लावून धरलेल्या बायका इतिहासातून उठतात, आणि ऐकणाऱ्या मुलींना वाटते की आपल्या पणज्या गप्प बसून होत्या. त्या गप्प नव्हत्या. सीमाभागातल्या मराठी माणसाला मताची किंमत वेगळी सांगायला नको. इतकी वर्षे आपण आपली इच्छा मतपेटीतूनच मांडत आलो. मग निदान आपल्या पेपरात तरी हा इतिहास पुरा यावा.

डिसेंबर १९१७ मध्ये ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू राजकीय सुधारणांसाठी मते आजमावत देशात हिंडत होते. मद्रासला सरोजिनी नायडू स्त्रियांचे शिष्टमंडळ घेऊन त्यांना भेटल्या. मतदानासाठी पुरुषांना जे निकष लावाल तेच बायकांना लावा, ही मागणी. त्यामागे मार्गारेट कझिन्स यांची मेहनत होती. आयर्लंडच्या या बाई मताच्या चळवळीत तुरुंग भोगूनच भारतात आल्या होत्या. मत कुणाला द्यायचे हे ठरवायला साउथबरो समिती नेमली गेली आणि समितीने बायकांना सरळ नकार दिला. जिथे बायका पडद्यात राहतात तिथे त्यांच्या मताला अर्थ काय, असा एकूण सूर.

नकार आल्यावर जे झाले ते खरे सांगण्यासारखे आहे. मुंबईच्या हिराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन १९१९ साली लंडनला गेल्या आणि पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे त्यांनी बायकांची बाजू मांडली. मिठन तेव्हा एकवीस वर्षांची. समितीपुढचे काम आटोपून त्या परत फिरल्या नाहीत. इंग्लंडमध्ये गावोगाव सभा घेतल्या, तिथल्या बायकांच्या संघटनांकडून पाठिंब्याचे ठराव करून घेतले. मिठन तिथेच राहून शिकली, बॅरिस्टर झाली, आणि पुढे मुंबई हायकोर्टात वकिलीची सनद मिळालेली पहिली बाई ठरली. मिठन लाम म्हणून तिचे नाव कायद्याच्या वर्तुळात थोडेफार घेतात. हिराबाईंचे तेवढेही नाही.

हिराबाईंना ही ओढ लागली कुठून, तेही ऐका. १९११ साली मायलेकी काश्मीरला गेल्या होत्या. तिथे एका बाईच्या अंगावर त्यांना एक बिल्ला दिसला, बायकांना मत द्या असे सांगणारा. बिल्ला लावणारी बाई म्हणजे सोफिया दुलीप सिंग, महाराजा रणजितसिंगांची नात. राहायची इंग्लंडमध्ये, राणी व्हिक्टोरियाने दिलेल्या घरात, आणि सरकारविरुद्धच्या बायकांच्या चळवळीत पुढे. १८ नोव्हेंबर १९१० रोजी लंडनच्या पार्लमेंटवर बायकांचा मोर्चा गेला, पोलिसांनी त्यांना तासन्‌तास ढकलले, बडवले. त्या मोर्चाच्या पहिल्या तुकडीत एमेलिन पँकहर्स्ट यांच्याबरोबर सोफिया होती. मत नाही तर करही नाही, म्हणून तिने कुत्री, गाडी, नोकर यांवरचा कर भरायचे नाकारले. तिची हिऱ्यांची अंगठी जप्त होऊन लिलावात निघाली. चळवळीतल्याच एका बाईने ती विकत घेऊन तिला परत केली. आपल्या लेखात या मोर्चाचे वर्णन आहे. सोफियाचे नाव नाही. पंजाबची मुलगी लंडनला लढते, तिचा बिल्ला पाहून मुंबईची बाई पेटून उठते आणि आठ वर्षांनी लंडनला जाऊन साक्ष देते, यापेक्षा चांगली गोष्ट पुरवणीला कोणती हवी होती?

१९१९ च्या कायद्याने बायकांच्या मताचा प्रश्न प्रांतांच्या कायदेमंडळांवर सोडला. १९२१ मध्ये आधी मद्रासने आणि मग मुंबई इलाख्याने बायकांना मत दिले. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात. त्यामुळे ही मुंबईची गोष्ट आहे, आपली नाही, असे म्हणायची सोय नाही. चिकोडीची, खानापूरची, बेळगावची बाई कायद्याने पहिल्यांदा मतदार झाली ती हिराबाईंसारख्यांच्या खटपटीमुळे. इलाख्यातल्या या मागणीच्या पुढे रमाबाई रानडे होत्या. रमाबाई आपल्याला न्यायमूर्तींच्या पत्नी म्हणून माहीत, सेवासदनच्या म्हणून माहीत. उतारवयात मतासाठी उभ्या राहिलेल्या रमाबाई कुणी शिकवत नाही.

मतदार झाली ती अर्थातच जमीनजुमल्याची, कर भरणारी बाई. मोलमजुरी करणारीला त्यात जागा नव्हती. पुढे १९३५ च्या कायद्याने दार थोडे उघडले, ते कसे पाहा. लिहितावाचता येणाऱ्या बाईला मत. मालमत्ता असलेल्या माणसाच्या बायकोला मत. आणि पलटणीतल्या माणसाच्या, पेन्शन मिळणाऱ्या विधवेला किंवा आईला मत. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. आपल्या भागात ज्या गावातून कुणी पलटणीत गेले नाही असे गाव शोधावे लागेल. इथल्या कितीतरी बायकांना पहिले मत नवरा किंवा मुलगा गमावल्यावर मिळाले असणार. मला हा कायदा वाचताना फार वाईट वाटले.

त्या काळच्या स्त्रीसंघटनांनाही ते मान्य नव्हते. नवऱ्याच्या नात्याने मिळणारे मत नको, सगळ्या प्रौढांना सरसकट मत द्या, अशी त्यांची भूमिका. राजकुमारी अमृत कौर, शरीफा हमीद अली आणि डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी १९३३ मध्ये लंडनला जाऊन बायकांची बाजू मांडून आल्या. त्याआधी १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे स्त्री-पुरुष सर्व प्रौढांसाठी मत मागितले होते. तेव्हा संविधान सभेत प्रौढ मतदानाला फारसा विरोध झाला नाही याचे कारण असे, की वाद घालण्याचे काम या बायकांनी आधीच उरकून ठेवले होते.

माझ्या आईने पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत दिले. ती तंबाखूच्या वखारीत चाळायला जायची. तेव्हा निपाणी मुंबई राज्यात होती. आजच्यासारखे मशीन नव्हते, कागदावर शिक्का मारायचीही पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, आपल्या पसंतीच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. वखारीतल्या बायका मिळून गेल्या. तंबाखू चाळून बोटे पिवळी-काळी झालेली, त्यावर शाई उमटली की नाही हे पाहायला कारकुनाने तिचे बोट खिडकीच्या उजेडात धरले, असे ती सांगायची. पण तिच्या मनात घर करून राहिले ते दुसरेच. टेबलावरच्या माणसाने यादीतून तिचे पूर्ण नाव मोठ्याने वाचले, चार लोकांत. घरात ती नुसती 'अगं', गल्लीत थोरल्याची आई, वखारीत मुकादमाच्या तोंडी अर्धेमुर्धे नाव. आडनावासकट कुणी तिला हाक मारल्याचे तिला आठवत नव्हते.

पुढे मला ड्युटी लागायला लागली तेव्हा आईचे बोलणे नेमके समजले. पहिला मतदान अधिकारी यादीतला क्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतो, पक्षांच्या एजंटांना ऐकू जावे म्हणून. पुरुष लगेच पुढे सरकतात. म्हाताऱ्या बायका आधी थांबायच्या. आपल्यालाच म्हटले का, म्हणून मागे वळून बघायच्या. मग पदर सारखा करून, "व्हय, मीच ती" म्हणत बोट पुढे करायच्या. शाई लावणारीच्या टेबलाशी बसून मी हे निवडणुकीमागून निवडणूक पाहिले आहे.

म्हणून पहिल्या मतदार यादीची हकिगत मला सगळ्यांत मोलाची वाटते, आणि तिचा तर लेखात उल्लेखही नाही. देशात तेव्हा सुमारे ८ कोटी बायका मतदानाला पात्र होत्या. त्यांतल्या जवळपास २८ लाख बायकांनी यादी करायला आलेल्यांना आपले नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश या भागांतल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असे ठरवले, नावे सांगायला काही ठिकाणी मुदतही वाढवून दिली, आणि तरीही ज्यांनी सांगितली नाहीत त्यांना यादीतून वगळले. लाखो बायकांचे मत बुडाले म्हणून त्यांना दोष देता येईल. मी देणार नाही. तेव्हा सवलत दिली असती तर आज माझ्या नातीचेही नाव यादीत कुणाची तरी मुलगी म्हणूनच राहिले असते.

परदेशाच्या भागातही मला उणीव वाटली ती याच जातीची. ज्यांना वेळ होता, पैसा होता, लिहून ठेवता येत होते, त्यांची नावे उरली. उत्तर इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या कापडगिरण्यांतल्या बायकांनी १९०१ साली २९,३५९ सह्यांचा अर्ज पार्लमेंटला नेऊन दिला. या सगळ्या गिरणीत राबणाऱ्या बायका. सह्या घ्यायला गिरणीच्या दारात उभे राहायचे, काम सुटल्यावर घरोघर जायचे, वर घरचा स्वयंपाक आणि पोरे आहेतच. नेल्सन गावची सेलिना कूपर त्यांच्यातली, लहानपणीच गिरणीत लागलेली. काचा फोडणाऱ्या बायकांचे फोटो निघाले आणि आजही छापले जातात. दारोदार सह्या मागणारीचा फोटो कोण काढणार? लँकेशायरच्या कापडाने आपल्या हातमागांचे काय केले हे शहापूर-वडगावच्या विणकरांच्या घरात वेगळे सांगायला नको, मीही ते विसरत नाही. पण गिरणीचा मालक वेगळा आणि त्या धुरळ्यात दिवसभर उभी राहणारी बाई वेगळी. निपाणीत १९८० च्या सुमारास वखारीतल्या आणि विडीच्या बायका युनियन करून मजुरीसाठी रस्त्यावर आल्या. ते पाहिलेल्या माणसाला सेलिना कूपर परकी वाटत नाही.

फिनलंडची मीना सिलानपा तशीच. बाराव्या वर्षी कापडगिरणीत, मग लोकांच्या घरी मोलकरीण. फिनलंडने १९०६ साली बायकांना मत आणि निवडणूक लढवायचा हक्क दोन्ही दिले. १९०७ मध्ये १९ बायका निवडून आल्या, त्यांत ती होती. १९२६ मध्ये ती मंत्री झाली. आणि स्वित्झर्लंडचे म्हणाल तर तिथल्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळाले १९७१ साली. वखारीतल्या माझ्या आईनंतर जवळजवळ वीस वर्षांनी.

न्यूझीलंडने १८९३ मध्ये सर्वांत आधी बायकांना मत दिले हे लेखात आले, केट शेपर्ड यांचे नावही आले, बरे झाले. पण त्याच वर्षी मेरी ते ताई मंगाकाहिया ही पंचविशीतली माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांतली, बाई माओरींच्या स्वतःच्या पार्लमेंटपुढे उभी राहिली. तिने नुसते मत मागितले नाही, सभासद म्हणून बसायचा हक्कही मागितला. तिचे म्हणणे जमिनीवरून होते. आमच्यात जमिनीच्या मालकिणी बायका आहेत, विधवा आहेत, नवऱ्याला जमीन सांभाळता येत नाही म्हणून स्वतः सांभाळणाऱ्या आहेत, मग जमिनीचा निर्णय होताना आम्ही बाहेर का? सातबाऱ्यावर नाव लागावे म्हणून तलाठ्याच्या दारात बसलेल्या सगळ्या बायका मला यात दिसतात.

आणि चळवळीच्या आतही माणसे वगळली गेली, हेही छापले पाहिजे. ३ मार्च १९१३ ला वॉशिंग्टनमध्ये मोठा मोर्चा निघाला तेव्हा शिकागोच्या आयडा बी. वेल्स यांना, त्या कृष्णवर्णीय म्हणून, मागच्या तुकडीत चालायला सांगितले. त्यांनी ऐकले नाही. गर्दीतून पुढे येऊन आपल्या राज्याच्या बायकांच्या रांगेत शिरल्या आणि शेवटपर्यंत चालल्या. मेबल ली ही चिनी मुलगी १९१२ च्या न्यूयॉर्कच्या मोर्चात घोड्यावर बसून पुढे होती, वय पंधरा-सोळा. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या बायकांना मत मिळाले, मेबलला नाही. चिनी माणसाला अमेरिकेचे नागरिक होण्याचीच तेव्हा बंदी होती. ऑस्ट्रेलियाने १९०२ मध्ये गोऱ्या बायकांना मत दिले आणि मूळ रहिवाशांना बहुतांशी बाहेर ठेवले. त्यांना देशाच्या निवडणुकीत सरसकट मत मिळायला १९६२ उजाडले. आपल्या लेखात मात्र हे देश आधुनिकतेचे नमुने म्हणून येतात.

आता आपल्या घरचे. २०२४ मध्ये बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी झाली. गांधीजी एकदाच अध्यक्ष झाले ते इथे, हे टिळकवाडीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. त्या अधिवेशनासाठी हुबळीच्या उमाबाई कुंदापूर यांनी सेवादलाचे संस्थापक डॉ. हर्डीकर यांच्या बरोबरीने गावोगाव फिरून दीडशेच्या आसपास स्वयंसेविका उभ्या केल्या, त्यांत विधवा बायकाही होत्या. १९२४ साली विधवेने घराबाहेर पडून मांडवात हजार लोकांत काम करायचे, ही साधी गोष्ट नव्हती. शताब्दीच्या भाषणांत मी तरी उमाबाईंचे नाव ऐकले नाही. त्या कानडी मुलखातल्या म्हणून आपण मराठी लोकांनी त्यांना सोडून द्यायचे का? सीमालढ्यात सत्याग्रह करून तुरुंगात गेलेल्या आपल्या बायकांची तरी नावे किती जणांना येतात?

कर्नाटक सरकारवर आपला राग आहे, त्याला कारणे आहेत, मी ती इथे उगाळत नाही. पण १९८७ च्या मंडल पंचायतीच्या निवडणुकांत कर्नाटकाने बायकांसाठी २५ टक्के जागा राखून ठेवल्या, देशभर पंचायतींत बायकांना राखीव जागा देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीच्या कितीतरी आधी, हेही नाकारता येत नाही. त्या वेळी आपल्या खेड्यांतल्या मराठी बायका पहिल्यांदा सभासद म्हणून पंचायतीत जाऊन बसल्या. त्यांतल्या अनेक जणी हयात आहेत. कुणी त्यांच्याकडे गेले आहे का?

माझ्या विनंत्या थोडक्या आहेत. पुढच्या पुरवणीत त्या चार ओळींची दुरुस्ती छापावी. मार्चमध्ये महिला दिनाचा अंक काढाल तेव्हा साड्यांच्या जाहिरातींमधून थोडी जागा काढून हिराबाई-मिठन यांच्यावर आणि सोफियावर पान द्यावे. सेलिना, मीना, मेरी यांना दर आठवड्याला एक चौकट दिली तरी चालेल. आणि सीमाभागातल्या वाचकांना आवाहन करावे, की १९५२ ला मत दिलेली बाई घरात असेल तर तिच्याशी आजच बोलून घ्या. मतदानाचे वय तेव्हा २१ होते, म्हणजे अशी बाई आज पंचाण्णवीच्या घरात असणार. तिचे माहेरचे नाव, सासरचे नाव, ती कुठल्या केंद्रावर गेली, कुणाबरोबर गेली, घरातून जाऊ दिले की अडवले, एवढे लिहून घेतले तरी पुष्कळ. पंचायतीतल्या पहिल्या बायकांचेही तसेच.

निपाणीच्या वखारींत काम केलेल्या काही बायकांच्या आठवणी मी वहीत उतरवून ठेवल्या आहेत. त्यांच्या घरच्यांना विचारून, त्यांनी होकार दिला की नावांसकट आपल्याकडे पाठवते. चिकोडी, संकेश्वर, खानापूर, येळ्ळूरकडच्या शिक्षिकांनी आपापल्या गावचे काम हाती घ्यावे. मजकूर कुठे आणि कोणाच्या नावे पाठवायचा ते आपण अंकात छापावे.

कळावे,
आपली विश्वासू
एक निवृत्त शिक्षिका
निपाणी, जि. बेळगाव